जुन्या लाकडी होडीला फायबरग्लासचं कवच चढवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या वेळची, साधारण पंधरा फुटांची, तळ्यात वल्हवायची लाकडी होडी हाती आली आहे. बरीच वर्षं ती छपराखाली उलटी पडून होती. फळ्यांमधून उजेड दिसतो, काही फासळ्या मोडल्या आहेत, मागच्या बाजूला लाकूड मऊ लागतं. ती कुठल्या प्रकारची आणि किती जुनी हे कसं ओळखायचं? आणि भेगा बुजवून बाहेरून फायबरग्लास चढवलं तर काम भागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर बाकीचे प्रश्न विचारायला होडीच उरत नाही. फायबरग्लास चढवू नका. फळ्यांमधून उजेड दिसणं हा बिघाड नव्हे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. दहा सेंटिमीटर रुंदीची फळी छपराखाली कोरडी असताना आणि तळ्यात पूर्ण भिजल्यावर यांत लाकडाच्या जातीप्रमाणे आणि ओंडका कसा चिरला त्याप्रमाणे दोन ते चार मिलिमीटरचा फरक पडतो. बांधणाऱ्या सुताराने हा फरक धरूनच होडी बांधलेली असते. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगून एकमेकींना दाबतात आणि त्या दाबानेच सांधे बंद होतात. बाहेरून फायबरग्लासच्या रेझिनचं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाचं, ताठ कवच बसवलं की फळ्या आतून हलत राहतात आणि कवच सुटू लागतं. मग पावसाचं किंवा वल्ह्यांवरून गळलेलं पाणी कवच आणि लाकूड यांच्यामध्ये अडकतं. वरून होडी चकचकीत दिसते आणि आत भुसा होत असतो. शिवाय असं कवच पुढे काढायला गेलं तर फळ्यांची कातडी सोबत निघते. प्लायवूडच्या किंवा पातळ पट्ट्या इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने चिकटवून बांधलेल्या होड्यांची गोष्ट वेगळी. त्या पहिल्यापासून अशा लेपासाठीच बांधतात. तुमच्या वर्णनातली होडी त्यांतली नाही.

आता ती कुठल्या घराण्यातली, ते पाहू. दुरुस्ती कशी करायची हे जवळजवळ पूर्णपणे त्यावर ठरतं, म्हणून इथे थोडा वेळ देतो.

बाहेरून हात फिरवा. प्रत्येक फळीची कड खालच्या फळीवर चढलेली असेल आणि पायऱ्या हाताला लागत असतील, तर ती चढत्या फळ्यांची बांधणी. इंग्रजीतली क्लिंकर किंवा लॅपस्ट्रेक ती हीच. तिचं मूळ उत्तर युरोपात आहे. डेन्मार्कमधल्या दलदलीत सापडलेलं चौथ्या शतकातलं नीडाम जहाज याच पद्धतीचं आहे आणि 2021 मध्ये युनेस्कोने नॉर्डिक देशांची ही परंपरा आपल्या वारसा यादीत घेतली. या बांधणीत फळ्याच एकमेकींना खिळलेल्या असतात. कवच आधी उभं राहतं, फासळ्या मागाहून बसतात, म्हणून होडी हलकी होते. फळ्या कडेला कड लावलेल्या असतील आणि बाहेरचा पृष्ठभाग सपाट असेल, तर आधी सांगाडा आणि मग फळ्या अशी बांधणी, म्हणजे कार्व्हेल. तिच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून भरतात. ते काम म्हणजे कलाफत. आणि बाहेर रंगवलेलं जाड कापड दिसलं, तर ती कॅनव्हासची होडी. तिथे पाणी अडवण्याचं काम कापड करतं, आतली देवदाराची पातळ फळी फक्त आकार धरते.

तळ्यातल्या होड्या समुद्रातल्या होड्यांपेक्षा इतक्या वेगळ्या का झाल्या, याची कारणं त्या त्या पाण्यात आहेत. काश्मीरमधल्या दल सरोवराच्या शिकाऱ्याचा तळ सपाट असतो, कारण पाणी उथळ आणि वनस्पतींनी भरलेलं. लाकूड देवदार, ओलाव्यात टिकणारं. म्यानमारच्या इनले सरोवरात कोळी उभं राहून एका पायाने वल्हं मारतात. उभं राहिल्यावर वेलींतून वाट दिसते आणि हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. होडी त्यासाठी अरुंद, लांब आणि सपाट.

हलकेपणाची कमाल मात्र अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ॲडिरॉन्डॅक डोंगरात झाली. तिथे तळी एकापाठोपाठ एक आहेत आणि मधला जंगलातला रस्ता होडी खांद्यावर घेऊन चालायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या वाटाड्यांनी आणि सुतारांनी मिळून जी गाइडबोट घडवली ती सुमारे सोळा फुटांची, तरी वजन बहुधा 60 ते 75 पौंड, म्हणजे 27 ते 34 किलो. फळ्यांची जाडी जेमतेम पाच मिलिमीटर. चढत्या फळ्यांच्या दोन्ही कडा इतक्या बारीक तासलेल्या की बाहेरून पायरी लागतच नाही, आणि त्या कडा तांब्याच्या हजारो बारीक खिळ्यांनी शिवलेल्या. फासळ्या वाफवून वाकवलेल्या नव्हेत. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याशी मूळ जिथे आपोआप वळतं, तिथला तुकडा चिरून त्या काढत. त्यामुळे लाकडाची रेषा फासळीच्या वळणाबरोबर वळते आणि बोटभर जाडीची फासळीसुद्धा सहज तुटत नाही. मला विचाराल तर लहान होड्यांच्या कामात याहून सुंदर विचार झालेला नाही. त्याच भागातल्या कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन यांनी बांधलेली ‘सेरी गँप’ नावाची नऊ फुटांची होडी साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोहूनही कमी. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स या किरकोळ बांध्याच्या लेखकाने 1883 मध्ये तिच्यातून त्या तळ्यांमध्ये 266 मैलांचा प्रवास केला. ती होडी आजही जपलेली आहे.

अमेरिकेच्याच मेन राज्यात त्याच सुमारास तिथल्या मूळ रहिवाशांच्या भूर्जाच्या सालीच्या होड्यांचा आकार ठेवून सालीऐवजी कॅनव्हास ताणायला सुरुवात झाली. तिकडे कॅनडात पीटरबरो भागात 1850 च्या दशकापासून फळ्यांच्या कनू, म्हणजे दोन्ही टोकं निमुळती असलेल्या हलक्या होड्या, बनत होत्या. पुढे वल्ह्यांचा काळ ओसरला. अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड या संशोधकाचं मागे लटकवायचं इंजिन 1909 पासून बाजारात आलं आणि होडीचा मागचा भाग बदलला. वल्हवायच्या होडीची पिछाडी पाण्यातून अलगद सुटावी म्हणून निमुळती असते. इंजिनाचं वजन तिथे आलं की ती खाली बसते. म्हणून पिछाडी रुंद झाली आणि ट्रान्सम, म्हणजे मागची आडवी फळी, जाड झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रमन या विमान कंपनीने ॲल्युमिनियमच्या होड्या काढल्या, 1950 च्या दशकात फायबरग्लास आलं, आणि लाकडी होड्यांचे बहुतेक कारखाने एकामागून एक बंद पडले.

एवढं ध्यानात ठेवलं तर वय काढायला बऱ्याच खुणा मिळतात. पिछाडी निमुळती आणि ट्रान्सम पातळ असेल तर होडी मुळात वल्ह्यांचीच. प्लायवूड असेल तर 1930 च्या दशकाच्या मध्याआधीची नाही, कारण पाण्यात टिकणारा गोंद तेव्हा आला. अधिक-चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू दिसले तर तेही त्याच काळानंतरचे. मात्र ते मागाहून झालेल्या दुरुस्तीचे असू शकतात, म्हणून एका स्क्रूवर विसंबू नका. दडलेल्या जागी पाहा, जिथे दुरुस्ती करणाऱ्याचा हात पोचत नाही. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आतल्या खांबावर ठोकलेला क्रमांक शोधा. अमेरिकेतल्या ओल्ड टाउन कंपनीच्या कॅनव्हास-होड्यांवर तो तिथेच असतो आणि त्या क्रमांकावरून कारखान्यातली जुनी नोंद मिळते: लांबी, लाकूड, रंग, कापड कधी चढवलं, माल कुठे रवाना झाला. रंग खरवडण्याआधी हा शोध पूर्ण करा. अनेक खुणा रंगाच्या थरांतच असतात.

आता काम. पहिल्यांदा आकार. कुठलाही स्क्रू सोडण्याआधी, कुठलीही मोडकी फासळी काढण्याआधी, होडी आपल्या मूळ रेषेत आहे का ते बघा. दोन टोकांवर टेकून वर्षानुवर्षं उलटी पडलेली होडी मध्ये दबते. सरळ ठेवलेली आणि फक्त मध्ये टेकलेली होडी टोकांना लोंबते. कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाच्या, बाजूने नाळेपासून पिछाडीपर्यंत दोरी ताणा आणि दर फुटावर अंतर मोजा. मग दोन्ही काठपट्ट्यांमधली रुंदी मोजा. डावी बाजू उजवीशी जुळते का ते मधल्या रेषेपासून तपासा. बाक आला असेल तर होडी सुलटी करून कण्याखाली जागोजाग आधार द्या, लाकूड दमट ठेवा आणि आधारांच्या पाचरी दर काही दिवसांनी थोड्या थोड्या सरकवा. याला आठवडे लागतात. जॅक लावून एका दिवसात सरळ करू गेलात तर कणा सरळ होईल आणि फळ्यांचे खिळे फाटतील. आकार जागेवर आला की आडव्या पट्ट्या ठोकून तो बांधून टाका, साच्याचे दोन-तीन आडवे तुकडे आत बसवा आणि त्यानंतरच उकलायला घ्या. वाकड्या होडीत नव्या फासळ्या बसवल्या तर ती कायमची वाकडी झाली, मग पॉलिश कितीही करा.

दुसरं, कुजलेलं लाकूड. बुरशीला लागतो ओलावा आणि हवा, दोन्ही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. लाकूड पूर्ण पाण्याखाली, हवेपासून दूर असेल तरी वाढत नाही. इटलीत ब्राचानो सरोवराच्या तळाशी ला मार्मोत्ता इथे सात हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव होड्या टिकल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा सरोवरातून 2021 आणि 2022 मध्ये अनुक्रमे सुमारे बाराशे आणि तीन हजार वर्षं जुन्या होड्या वर काढल्या. त्या तशाच सुकू दिल्या असत्या तर चुरगळल्या असत्या, म्हणून लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या पॉलिएथिलिन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाची प्रक्रिया करावी लागते. पूर्वीच्या लोकांना हे अनुभवाने माहीत होतं. 1758 च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या सरोवरात ब्रिटिश सैन्याने आपल्या दोनशेहून जास्त होड्या मुद्दाम बुडवून ठेवल्या, शत्रूपासून लपवायला आणि पुढच्या वर्षी काढून वापरायला. बऱ्याच काढल्याही. राहिलेल्यांपैकी काही 1960 मध्ये पाणबुड्यांना सापडल्या.

होडी कुजते ती मधल्या अवस्थेत. पावसाचं गोडं पाणी कोपऱ्यात साचतं, लाकूड ओलं राहतं आणि हवाही मिळते. समुद्राच्या पाण्यातलं मीठ बुरशीला थोडं रोखतं, तळ्यातल्या होडीला तेही संरक्षण नाही. म्हणून बोथट टोच्या घेऊन ठरावीक जागा आधी तपासा: ट्रान्समचे खालचे कोपरे, नाळेचा खांब कण्याला मिळतो तो सांधा, बाकांची टोकं, आतल्या पाटांखाली फासळ्यांचे पाय, आणि कण्यालगतची सर्वांत खालची फळी. टोच्या सहज आत गेला की ते लाकूड गेलं. मुठीने हलके ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. काळं दिसतं ते सगळं कुजलेलं नसतं. ओकमधल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी गाठ पडली की गडद निळा-काळा डाग पडतो आणि लाकूड बऱ्याचदा शाबूत असतं. तिथे दोष खिळ्याचा.

खिळ्यांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि होड्या सर्वांत जास्त तिथेच सुटतात. तांब्याचे खिळे शंभर वर्षांनीही चांगले असतात. चकत्या ढिल्या झाल्या असतील तर एकाने बाहेरून जड लोखंड धरून दुसऱ्याने आतून हलक्या हाताने ठोकले की पुन्हा घट्ट बसतात. पितळी स्क्रू मात्र तपासा. ओलाव्यात पितळातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. बाहेरून डोकं शाबूत आणि आत दांडा चुरा, असं नेहमी आढळतं. काही स्क्रू वेगवेगळ्या जागचे काढून बघा. अडकलेला स्क्रू ओढू नका. खाच साफ करा, डोक्याला सोल्डरिंगच्या इस्त्रीने ऊब द्या, आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. बदली म्हणून सिलिकॉन ब्राँझ, म्हणजे तांब्याचा एक मिश्रधातू, वापरा. स्टेनलेस स्टील टाळा, ओल्या लाकडाच्या आत हवा न मिळाल्यामुळे ते छिद्रं पडून गंजतं आणि बाहेरून कळत नाही. साधं लोखंड तर नकोच.

मोडलेल्या फासळ्या. होडी चालवायची आहे, कुठल्या तरी संग्रहालयाची नाही, असं धरून बोलतो. मोडक्या फासळीशेजारी दुसरी जोडणं सोपं आहे, पण त्याने वजन वाढतं आणि दोन फासळ्यांमध्ये पाणी साचतं. शक्य तिथे जुनी काढून त्याच जागी, त्याच भोकांशी जुळणारी नवी बसवा. सरळ रेषेचं, हवेत वाळवलेलं, अजून थोडा ओलावा असलेलं ॲश किंवा पांढरा ओक घ्या. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाफेलाही नमत नाही, तडकतं. लाल ओक टाळा. त्याच्या नळ्या उघड्या असतात, पट्टीच्या टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसऱ्या टोकाने हवा येते. अशीच ती पाणीही ओढते. पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. वाफपेटीत एक इंच जाडीला साधारण एक तास, या हिशेबाने आठ-दहा मिलिमीटरच्या फासळीला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बाहेर काढल्यावर वाकवायला अर्धा-एक मिनिट मिळतं, म्हणून क्लॅम्प, हातमोजे आणि जोडीदार आधी तयार हवेत. गाइडबोटीसारखी नैसर्गिक वळणाची फासळी असेल तर वाफ नको. तिथे वळणाचं लाकूडच शोधा किंवा पातळ पट्ट्या इपॉक्सीने साच्यावर चिकटवून तो आकार घ्या. अशा जागी इपॉक्सीला माझा विरोध नाही.

सगळ्या फासळ्या एकदम काढू नका. एक काढा, एक बसवा, मग दोन सोडून पुढची. होडीचा आकार त्या धरून असतात.

फळ्यांबाबत माझा नियम साधा आहे: जेवढं जुनं वाचेल तेवढं वाचवा, पण मऊ लाकडावर काहीही ओतून ते कडक करू नका. खराब भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तिथे तिरकस सांध्याने नवा तुकडा जोडा. सांध्याची लांबी जाडीच्या निदान आठपट, पातळ फळीला बारापट. नवं लाकूड जुन्याच जातीचं, निदान त्याच घनतेचं हवं. मऊ देवदारांमध्ये एक कठीण जड फळी घातली तर दोन्ही वेगवेगळ्या फुगतात आणि शेजारची फळी फाटते. महोगनीच्या होडीसाठी मूळ मध्य अमेरिकेतलं लाकूड शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मोठ्या पानांची महोगनी 2003 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापार नाही. आफ्रिकेतलं सापेली बहुतेक ठिकाणी चालतं.

चढत्या फळ्यांच्या होडीत, म्हणजे तुमची तशी असेल तर, सांध्यात कधीही कापूस ठोकू नका, पुट्टी दाबू नका. तिथे सांधा दोन फळ्यांच्या चढण्याने बंद होतो. मधे काही कोंबलं की लाकूड फुगताना ते पाचर होतं आणि फळी खिळ्यांच्या रांगेत चिरते. कार्व्हेल होडीत कलाफत हवी, पण कोरड्या होडीत हात राखून. वात सांध्यात बसली पाहिजे, ठासली जाता कामा नये. वरची पुट्टी कायम मऊ राहणारी. कडक होणारी पुट्टी किंवा इपॉक्सी सांध्यात भरलेली होडी भिजल्यावर फासळ्या मोडून घेते.

रंगाबद्दल थोडक्यात, पण एक गोष्ट गंभीर आहे. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडा सँडर चालवू नका. ओला करून खरवडा, योग्य फिल्टरचा मास्क वापरा, लहान मुलांना तिथे येऊ देऊ नका, खरवडलेला रंग मातीत मिसळू देऊ नका. व्हार्निश लावायचं असेल तर पहिला थर निम्मा पातळ करून, मग पुढचे घट्ट, सहा तरी थर. ते उन्हात मरतं, म्हणून दर हंगामाला तडकण्याआधीच एक-दोन थर चढवा. आतल्या बाजूला जाड लेप नको. लाकडाला कुठून तरी श्वास घेता आला पाहिजे.

शेवटी पाणी. लाकडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, ठेवलेल्या होडीत नळ सोडून ती भिजवू नका. शंभर लिटर पाण्याचं वजन शंभर किलो, आणि ही होडी बाहेरून पाण्याचा आधार असताना वजन पेलायला बांधलेली आहे. आधी काही दिवस आत ओली पोती अंथरून लाकडाला हळूहळू ओलावा द्या. मग उथळ, शांत पाण्यात दोरीने बांधून उतरवा आणि तिला काठापर्यंत भरू द्या. आत-बाहेर पाणी सारखं झालं की फळ्यांवर भार राहत नाही. देवदाराच्या फळ्या एक-दोन दिवसांत मिटतात, ओक आणि महोगनी आठवडाही घेतात. या काळात धार दिसली म्हणून सांध्यात काही भरायला जाऊ नका. आठवड्यानंतर पाणी उपसा, आतून कोरडं पुसा आणि जिथे अजून थेंब येतात तिथे खडूने खूण करा. बहुतेक खुणा एखाद्या खिळ्यापाशी किंवा नाळेच्या सांध्यापाशी असतील. होडी वर काढल्यावर काम तेवढ्याच जागी करायचं आहे.